तुळजापूरवरून सहा फेऱ्या

लोहगावच्या विमानतळावर लहान विमानाला सगळ्यात शेवटी विचारतात. धावपट्टी हवाई दलाची. आधी त्यांची विमाने, मग दिल्ली-बंगलोरची प्रवासी विमाने, आणि त्यातून वेळ उरला तर इतर. मार्चमधल्या त्या सकाळी आम्ही इतरांत मोडत होतो. आठला तयार होऊन बसलो. चाके जमिनीवरून उचलली तेव्हा दहा वाजून गेले होते.

विमानात तिघे होतो. डावीकडे विलास, वैमानिक. पुण्याच्या पश्चिमेच्या एका गावात तो वाढला. गाव पुढे महापालिकेत गेले आणि गावाच्या शिवारात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या एका इमारतीत विलासची कंपनी होती. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांसाठी ती सॉफ्टवेअर लिहीत असे. खासगी वैमानिकाचा परवाना त्याने हौसेने काढला आणि दोन मित्रांबरोबर चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान घेतले. उजवीकडे त्याचे वडील. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मागे मी. माझ्या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीला हौशी वैमानिकांवर लेख हवा होता आणि मागचे आसन रिकामे होते.

जायचे होते तुळजापूरला. कारण आदल्या संध्याकाळी मी स्वतः ऐकले होते. वेळ ठरवायला विलासने मला डेक्कनजवळच्या एका इस्पितळात बोलावले होते. तिथे त्याच्या आई दाखल होत्या. हृदयाची झडप बदलायची होती. शस्त्रक्रिया एक दिवस सोडून, सकाळी पहिली. मधला दिवस मोकळा होता आणि तो अण्णांना सलत होता.

"उद्या देवीला जाऊन येतो," अण्णा म्हणाले. "कुंकू आणतो. पोराचं इमान (विमान) घरचं हाय, ते काय नुसतं पुसायला ठिवलंय?"

"देवी कुठं पळून चालली व्हय?" पलंगावरून त्या म्हणाल्या. "बरी झाले की मीच येते."

"आधी सांगावं लागतं तिला. मागनं नव्हं."

त्या म्हणाल्या, "जावा. पण परवा सकाळी मला आत नेतील, तवा दोघं दारात उभं ऱ्हावा. दुसरं मला काय नगं. मला भ्या वाटतंय."

"सांजच्याला (संध्याकाळी) माघारी," अण्णा म्हणाले.

विलासने मान हलवली. रस्त्याने जाऊन-येऊन पूर्ण दिवस आणि वर अर्धी रात्र गेली असती. विमानाने सोलापूर सव्वा तासाचे. तिथून मोटारीने तुळजापूर, आणि सूर्यास्ताच्या आत पुणे. हिशेब बरोबर होता.

जाताना आकाश स्वच्छ होते. हडपसर ओलांडले की खाली उसाचा हिरवा पट्टा लागतो, मग भीमेची वळणे, मग उजनी धरणाचे पसरट पाणी. इंदापूरच्या पुढे हिरवा रंग विरळ होतो आणि जमीन भाजल्यासारखी दिसू लागते. अण्णांच्या डोक्यावर फेटा होता. फेट्यावर हेडफोन बसेना आणि फेटा ते काढीनात. त्यामुळे रेडिओवरचे काही त्यांना ऐकू येत नव्हते आणि ते बोलत ते ओरडून.

"हितं जमिनीला काय भाव चाललाय?" उजनीच्या काठाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले.

"अण्णा, पाणी आहे ते!" विलास म्हणाला.

"पाण्याच्या कडंचा इचारतोय."

सोलापूरला उतरलो तेव्हा ऊन कडक होते. धावपट्टीच्या कडेला तीन शेळ्या चरत होत्या. विलासने आधीच सांगून ठेवलेली मोटार उभी होती. तुळजापूर तिथून तासाभरावर. घाट चढून वर गेलो की गाव लागते, आणि देऊळ मात्र खाली. पायऱ्या उतरून देवीकडे जायचे. मंगळवार-शुक्रवार नसल्याने रांग लहान होती. अण्णांनी ओटी भरली, कुंकवाची पुडी घेतली, फेट्याच्या शेवात बांधली. देवीपुढे ते बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मागचा माणूस ढकलत होता तरी हलले नाहीत. बायकोसाठी ते काय बोलले हे मला कळण्याचे कारण नाही. ओठ हलत होते एवढे खरे.

बाहेर एका खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि आमटी असे जेवण झाले. आमच्याबरोबर देवीचे एक भोपे (पुजारी) होते. अण्णांनी त्यांच्यापुढे विषय काढला. अण्णांच्या घरात नवे वाहन आले की ते देवीच्या दारात आणायची रीत होती. बैलगाडी आणली होती, ट्रॅक्टर आणला होता, दोन जीप आणल्या होत्या.

"आता इमान हाय," अण्णा म्हणाले. "ते काय घाट चढून येत न्हाई."

"मग वरून फिरवा," भोपे म्हणाले. "देवीला खालून-वरून सारखंच." आणि भाकरी मोडता मोडता पुढे म्हणाले, "पाच घाला. घरातलं माणूस आजारी असताना एकीवर भागवू नये."

विलास घड्याळाकडे पाहत होता. "अण्णा, तुळजापूर आपल्या वाटेवर नाही. सोलापूरहून उलटं उत्तरेला यावं लागेल."

"पंधरा मिंटांचं काम. तिचं काम हाय, तुजं न्हाई."

सोलापूरच्या धावपट्टीवर परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. विलासने पुण्याला फोन लावून हवामान विचारले. उत्तर आले: आकाश निरभ्र, किंचित धुरकट. ही माहिती खरी होती. ती दुपारची होती. अण्णांनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवले. विमान पुढे सरकले, लिंबू फुटले आणि आम्ही निघालो.

तुळजापूर वरून लवकर ओळखू येते. डोंगराची कड, कडेला चिकटलेले गाव, खोलगटात देवळाचे शिखर. विलासने सवयीने डावे वळण घेतले. वैमानिक डावीकडे बसतो; डाव्या वळणात त्याला खालचे दिसते. एक फेरी पूर्ण होत आली तेव्हा अण्णा ओरडले.

"उलटी मारली! देव उजव्या हाताला पायजे. ही धरायची न्हाई!"

"अण्णा, उजवीकडून मला देऊळ दिसत नाही. मध्ये तुम्ही आहात."

"मला दिसतंय ना! मी सांगतो तसा फिरव."

आणि तसेच झाले. पुढच्या पाच फेऱ्या उजव्या. अण्णा काचेला कपाळ टेकून हाताने वळण दाखवत होते आणि विलास त्यांच्या हाताकडे बघून विमान फिरवत होता. विमानात शेवटचा शब्द वैमानिकाचा असतो, हे मी त्याच सकाळी त्याच्याकडूनच लिहून घेतले होते. फेऱ्या लहान घेता येईनात. अण्णांना शिखर हरवले की ते "थांब" म्हणत, आणि विमान थांबत नसल्याने ती फेरी लांबे.

प्रत्येक फेरीत एकदा विमानाचे नाक पश्चिमेकडे येई. पहिल्या फेरीत तिकडे क्षितिजावर जांभळट रेघ होती. धूळ वाटावी अशी. तिसऱ्या फेरीत ती जाड झाली होती. शेवटच्या फेरीत तिला वरची कड आली होती, आणि ती कड उन्हात पांढरी चमकत होती. मी पाहिली म्हणजे विलासनेही पाहिली असणार. पाचवी पूर्ण झाल्यावर अण्णांनी हात जोडले, मग विलासच्या खांद्यावर थाप मारली.

"आता चल घरी."

पुण्याकडे तोंड केल्यानंतर पाऊण तास काही घडले नाही. उजनीचे पाणी परत दिसू लागले, पण सकाळचे निळे नव्हे, शिशासारखे. समोर पूर्ण आडवी भिंत उभी होती. तळ काळा, त्याखाली तांबूस धुळीचा पडदा, वर ऐरणीसारखा पसरलेला माथा. आत विजा चमकत होत्या. आवाज येत नव्हता.

"वावधान (वादळी वारा)," अण्णा म्हणाले. "अवकाळी. गारा हाईत त्यात." ते शेतकरी होते, एवढे त्यांना कळत होते.

विलासने पुण्याला रेडिओवर विचारले. उत्तर माझ्या हेडफोनमध्येही आले. विमानतळावर गडगडाटी पाऊस, वारा सोसाट्याचा, उतरणे बंद. केव्हा उघडेल सांगता येत नाही. हे अण्णांना ऐकू गेले नाही.

विलास दक्षिणेकडे वळला. बारामतीला एक धावपट्टी होती. तिथे उतरले असते तर रस्त्याने पुणे तीन तासांवर. पण ढगांची ओळ दक्षिणेकडेच लांबत होती. थोड्याच वेळात बारामतीच्या बाजूचे आभाळही मिटले. उत्तरेला नगरच्या दिशेने तेच. आणि तेवढ्यात पहिला धक्का बसला.

आसनावरून उचललो गेलो एवढे कळले. पट्ट्याने मांड्या कापल्या. उंची दाखवणारा काटा उलटा फिरत होता. इंजिन पूर्ण जोरात असूनही विमान खाली जात होते. मग तितक्याच जोराने ते वर फेकले गेले. काचेवर टणटण वाजू लागले. गारा हरभऱ्याएवढ्या होत्या, पण आवाज दगडांचा. क्षितिज गेले. वर, खाली, समोर एकच राखाडी रंग.

विलासने काय केले ते मी मागून पाहिले आणि तेवढेच लिहितो. त्याने वेग कमी केला. अशा हवेत वेगात गेले तर पंखांवर ताण येतो. उंचीच्या मागे लागला नाही. खाली गेले तर जाऊ दिले, वर गेले तर जाऊ दिले, पंख तेवढे सरळ ठेवले. बाहेर पाहणे त्याने सोडून दिले आणि समोरच्या तबकड्यांवर नजर ठेवली. मानेवरून घाम ओघळत होता.

"खालनं घाल!" अण्णा ओरडले. "जिपीगत खालनं काढ!"

"खाली काही दिसत नाही, अण्णा."

"मग मदनं काढ! पाच-धा मिंटांचं असंल. पल्याड पुणं हाय!"

"मी मागे फिरतोय."

"मागं? तिला सांगून आलोय मी! सकाळी दारात हाय म्हणून सांगितलंय!"

"अण्णा, गप्प बसा."

हे वाक्य त्या घरात आजवर कोणी उच्चारले नसावे. अण्णा गप्प बसले. विलासने वळण घ्यायला सुरुवात केली, इतके सावकाश की वळतो आहोत हे फक्त होकायंत्रावरून कळत होते. अण्णांनी एका हाताने दाराची कडी धरली होती. दुसरा हात फेट्यावर, कुंकवाच्या पुडीवर होता. मला माझे हात कुठे होते ते आठवत नाही. पूर्वेकडे तोंड झाले तेव्हा समोर एक फिकट फट दिसली, पिवळसर. विलास त्या फटीकडे निघाला. गारांचा आवाज विरळ झाला, मग थांबला. आम्ही उन्हात बाहेर आलो. खाली एक साखर कारखाना धूर सोडत होता.

सोलापूरला पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि वादळाचा वारा आमच्यामागे धावत आला होता. विमान आडव्या वाऱ्यात दोनदा आपटले, तिसऱ्यांदा टेकले. एक टायर फुटला. विलासने इंजिन बंद केले.

"वाचलो," मी म्हणालो.

"देवीनं वाचवलं," अण्णा म्हणाले. "पाच घातल्या म्हणून."

विलासने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेतला अर्थ मला कळला. तुळजापूरची वाकडी वाट आणि त्या फेऱ्या वजा केल्या असत्या, तर ढग पोहोचायच्या आत आम्ही लोहगावला उतरलो असतो. तो उतरून टायर पाहायला गेला.

धावपट्टीवरूनच त्याने इस्पितळात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळ पुढे ढकलता येणार नाही. तुमचे लोक आहेत इथे. मग आईशी बोलला. "आई, वाटेत हवा खराब आहे. गाडीनं निघतोय. सकाळच्या आत पोचतो." पलीकडून काय उत्तर आले ते ऐकू आले नाही, फार लहान होते.

मोटार मिळाली. टेंभुर्णीपर्यंत रस्ता बरा होता. इंदापूरच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. पुढे कडुनिंब आणि बाभळी आडव्या पडल्या होत्या, एक ट्रक उलटला होता, विजेच्या तारा रस्त्यावर होत्या. कडेच्या चारीत गारांचे ढीग साचले होते. हा रस्ता सोडून दुसरी वाट नव्हती. ओढे भरून वाहत होते. अण्णा धोतर खोचून उतरले आणि ट्रकवाल्यांबरोबर फांद्या ओढू लागले.

"बाबा, तुमी बसा की गाडीत," एक ड्रायव्हर म्हणाला. "जेसीबी आल्याबगर काय हलत न्हाई."

"मला जायाचंय," अण्णा म्हणाले.

"आमी काय हितं लग्नाला आलोय?"

जेसीबी आला तेव्हा उजाडले होते.

इस्पितळाच्या जिन्यावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. वऱ्हांड्यात गाव लोटले होते. भावकी, सुना, शेजारी, सोसायटीचे चेअरमन. शस्त्रक्रिया कक्षाचे दार बंद होते आणि वर लाल दिवा. विलासची आत्या बाकावर बसली होती. तिने भावाकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. धोतर चिखलाने भरले होते, फेट्याला पाला लागला होता.

"आलं का इमान?" ती म्हणाली. "यष्टीनं गेला असतास तर येळंवर आला असतास."

"अक्का, वाटंत—"

"मला नगं सांगू. आत नेताना ती तीनदा मागं बघत हुती."

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. कोणी त्यांना पाणी दिले, ते हातातच राहिले. मी विलासला बाजूला घेतले. विचारले, "फेऱ्यांचं त्यांना सांगणार नाहीस?"

"काय सांगू? तुमच्यामुळे म्हणून?" तो म्हणाला. "पायलट मी होतो, सर. नाही म्हणायचं ते माझं काम होतं. ते मी वादळात म्हणालो. तुळजापूरला म्हणायला हवं होतं."

शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या दिवशी भेटायला सोडले तेव्हा मीही गेलो. अण्णांनी पुडी सोडली आणि बायकोच्या कपाळाला कुंकू लावले. त्यांनी लावू दिले. मग अण्णा सांगू लागले. ढग केवढा होता, गारा कशा वाजत होत्या, देवीने कसे बाहेर काढले, पाच प्रदक्षिणांचे पुण्य कसे कामी आले. त्या डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत ऐकत होत्या. संपल्यावर माझ्याकडे वळल्या.

"तुमी व्हता ना इमानात?"

"होतो."

"खाली देवळात दर्शन झालं व्हतं?"

"झालं होतं. चांगलं झालं."

"मग वर कशाला गेला व्हता?"

मी अण्णांकडे पाहिले, अण्णांनी विलासकडे. विलास खिडकीबाहेर, डेक्कनच्या चौकातल्या वाहतुकीकडे पाहत होता. नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. ती लवकर आली असे मला मुळीच वाटले नाही.

लेख पुरवणीत छापून आला. वादळात सापडलेल्या खासगी वैमानिकाने काय करावे, याची ती बरी नोंद होती: वेग कमी करा, पंख सरळ ठेवा, परत फिरा. विलास हे सगळे बरोबर करून तिघांना जिवंत घेऊन आला, ही वस्तुस्थिती आहे. लेखाचे कौतुक झाले. विलासच्या फ्लाइंग क्लबने त्याला भाषणाला बोलावले. गावात मात्र गोष्ट अण्णांच्या पद्धतीने पसरली. आजही ते नव्या माणसाला ती सांगतात, आणि तीत विमान देवी चालवते. विलास समोर असला तर उठून जातो. तो अजून उडतो, पण घरातल्या कोणाला घेऊन जात नाही.

त्याच्या आईंना दर काही महिन्यांनी तपासणीसाठी त्याच इस्पितळात जावे लागते. घरात तीन मोटारी आहेत. आई मात्र रिक्षाने जातात. मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा त्या निघाल्याच होत्या. अण्णा टोपी घालून दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चल, मी येतो संगं."

त्या उंबऱ्यावर बसून चपलेचा बंद लावत होत्या. मान वर केली नाही.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "एकटी गेलेय मी."